टाकीच्या पाण्याचा दाब : या चुका टाळा

हजार लिटरची टाकी काढून दोन हजाराची बसवली म्हणून शॉवरची धार वाढत नाही. नळाशी किती दाब मिळणार, हे टाकीतली पाण्याची पातळी नळापासून किती उंच आहे यावरच ठरतं. टाकी किती रुंद, किती लिटरची, याला इथे काही किंमत नाही. हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला), १ मीटरला ०.१ किलो. उंची सरळ उभी मोजायची. पाइपची लांबी मोजून उपयोग नाही.

नाशिकच्या सिडको-इंदिरानगरकडच्या रो-हाऊसमध्ये वरच्या मजल्याचं रडगाणं इथूनच सुरू होतं. फरशीपासून गच्ची ३ मीटर, टाकीखाली २ फुटांचा ओटा, टाकीत १ मीटर पाणी; म्हणजे पातळी ४.६ मीटरवर. शॉवर २.१ मीटरवर. हाती उरले २.५ मीटर, जेमतेम पाव किलो. टाकी अर्धी झाली की तेही २ मीटर. ओटा आणखी फूटभर उचलून ०.०३ किलो वाढेल. तेवढ्यासाठी गवंडी बोलावू नका. नव्या शॉवरच्या खोक्यावर १ किलो दाब लिहिला असेल तर प्रेशर पंपच लागेल. मात्र एकाच नळाची धार बारीक असेल तर आधी त्याची जाळी काढून धुवा. दुसरा नळ उघडल्यावर पहिला मरत असेल तर पाइप बारीक आहे.

जुन्या टाकीला नवी उंच टाकी खालून जोडताना दोघींची बुडं एका पातळीत ठेवतात. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, त्यामुळे बुटकी टाकी झाकणातून वाहते आणि उंच टाकी कधीच भरत नाही. जुळवायची ती वरची, ओव्हरफ्लोची पातळी.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पंपाविना, टाकीच्या उंचीवर ठिबक चालवताना चूक महागात पडते. २ मीटरच्या स्टँडवर टाकी, आत दीड मीटर पाणी: सुरुवातीला ०.३५ किलो, टाकी रिकामी होताना ०.२. साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १ किलोला ताशी ४ लिटर देणारा ड्रीपर इथे २.४ लिटरवर सुरू होऊन १.८ वर येतो. हा फिल्टरशिवायचा आकडा. मळलेला डिस्क (चकत्यांचा) फिल्टर दाबातला निम्मा सहज गिळतो. म्हणून फिल्टर गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या, पाणी टाकी संपेपर्यंतच्या सरासरी प्रवाहावर मोजा आणि पाणी देण्याचा वेळ त्या मानाने वाढवा. दाब आपोआप सांभाळणारे ड्रीपर एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत.

दहा किलोपर्यंतच्या गेजवर ०.३ किलोचा काटा हललाय की नाही तेही कळत नाही. त्यापेक्षा गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी सबमेनच्या (ड्रीपरच्या नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपच्या) टोकाला घट्ट बसवा आणि बांबूला उभी बांधा. टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा आणि ड्रीपरकडचे बंद असताना नळीतलं पाणी टाकीच्या पातळीला येतं. ठिबक सुरू केल्यावर ते जेवढं खाली उतरेल, तेवढी उंची फिल्टर आणि पाइपने खाल्ली. फिल्टर धुऊन पुन्हा बघा. फरक तसाच राहिला तर दोष पाइपच्या मापाचा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे जुन्या सिमेंटच्या हौदावर विटांचे थर चढवून पाणी वाढवणं. पाणी २ मीटर असताना भिंतीच्या दर मीटर लांबीवर २ टनांचा रेटा असतो, ३ मीटरला साडेचार टन. बुडाशी भिंत वाकवणारा जोर तर जवळपास ३.४ पट होतो. हौद १० फुटी असो की ५० फुटी, दर मीटरचा हा आकडा बदलत नाही. साठा वाढवायचा तर शेजारी दुसरा हौद बांधा. भिंतीच्या बुडालगत आतून आडवी भेग दिसली, तर वरून प्लास्टर मारू नका. आधी पाणी निम्म्यावर आणा आणि इंजिनिअरला दाखवा.