रोखीने केलेला धंद्याचा खर्च: प्राप्तिकरात वजावट कशी टिकवावी

खर्च खरा असला, धंद्यासाठीच केलेला असला, तरी केवळ तो रोखीने दिला म्हणून त्याची वजावट नाकारली जाऊ शकते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५) कलम ४०अ(३) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात रोखीने दिलेली एकूण रक्कम १०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली, तर तो खर्च अमान्य होतो. मालवाहतूकदारांच्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे.

पुष्कळ व्यापारी येथेच फसतात. सुताराला सकाळी ९,००० आणि संध्याकाळी ९,००० रुपये देऊन दोन स्वतंत्र व्हाउचर केली, तरी दिवसाची बेरीज १८,००० धरली जाते आणि केवळ वरचे ८,००० नव्हे, तर पूर्ण १८,००० रुपये नफ्यात मिळवले जातात. बेअरर चेकनेही (जो बँकेत नेईल त्याला रोख मिळते, असा चेक) सुटका होत नाही. म्हणून अकाउंट पेयी चेक (रक्कम फक्त खात्यातच जमा होणारा), एनईएफटी किंवा यूपीआय वापरावे.

मागील वर्षी वजावट घेतलेली उधारी यंदा मर्यादेबाहेर रोखीने फेडल्यास ती रक्कम यंदाचे उत्पन्न ठरते, हे अनेकांच्या ध्यानातही नसते.

१९६१ च्या कायद्याखालील प्राप्तिकर नियमावलीच्या नियम ६डीडी मध्ये रोखीच्या या मर्यादेला अपवाद आहेत. शेतमाल थेट शेतकऱ्याकडून घेतल्यास रोख चालते. तोच माल व्यापाऱ्याकडून घेतल्यास ही सवलत नाही. त्यामुळे पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचे वजन व दर लिहून सही घ्यावी आणि रक्कम ५,००० रुपयांवर असल्यास एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे.