दीर्घ अंतराळ मुक्कामापूर्वी मेंदूची तयारी

अंतराळात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहावयाचे असेल, तर हाडे आणि स्नायू यांची काळजी घ्यावी लागते, हे आता वेगळे सांगावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रोजचे सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात. मेंदूच्या तयारीची यादी मात्र अजून तितकी पक्की झालेली नाही. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला सुमारे १८ दिवस आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले आहेत. १८ दिवसांच्या आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात मेंदूच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, म्हणून ही तयारी दीर्घ मुक्कामाच्या हिशोबाने लिहिली आहे.

सर्वांत आधी, उड्डाणाच्या बऱ्याच अगोदर, मेंदूचा एमआरआय काढून ठेवावा. परतल्यानंतरचे सर्व एमआरआय त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढले जातील अशी व्यवस्थाही त्याच वेळी करावी. जे बदल शोधायचे आहेत ते मिलिमीटरांतले असल्यामुळे यंत्र किंवा पद्धत बदलली की तुलनेला अर्थ उरत नाही. हे बदल कोणते, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. दीर्घ मुक्कामाहून परतलेल्या १८ अंतराळवीरांपैकी १७ जणांच्या मेंदूतील मध्यवर्ती खाच अरुंद झालेली आढळली, तर अल्प मुक्कामाच्या १६ जणांपैकी केवळ तिघांमध्ये तसे दिसले. दीर्घ मुक्काम केलेल्या ज्या १२ जणांची अधिक बारकाईने तपासणी झाली, त्या सर्वांचा मेंदू कवटीत वरच्या बाजूला सरकलेला होता. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. ती ओढ संपताच ते छाती आणि डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजतो आणि पाय बारीक होतात. मेंदू वर सरकल्यामुळे माथ्याजवळची जागा दाटते, मेंदूभोवतीच्या द्रवाचा निचरा मंदावतो आणि आतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या फुगतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या पोकळ्यांमुळेच यादीत एक अशी बाब येते जिच्याकडे, माझ्या मते, सर्वांत जास्त लक्ष दिले पाहिजे: मागील उड्डाणाची तारीख. २०२३ मध्ये ३० अंतराळवीरांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांच्या उड्डाणानंतर पोकळ्यांमध्ये फारसा फरक पडलेला नव्हता, सहा महिन्यांच्या मुक्कामानंतर त्या स्पष्टपणे मोठ्या झालेल्या होत्या, आणि त्यापुढे वर्षभर राहिलेल्यांमध्ये आणखी मोठी वाढ दिसली नाही, हा त्यातला दिलासा देणारा भाग. परंतु ज्यांच्या दोन उड्डाणांमध्ये तीन वर्षांपेक्षा कमी अंतर होते, त्यांच्या पोकळ्या दुसऱ्या वेळी फारशा फुगल्या नाहीत. हे शुभचिन्ह मानता येणार नाही, कारण त्या आधीच्या मुक्कामातून पूर्ववत झालेल्याच नव्हत्या, म्हणजे द्रवाला सामावून घेण्याची मेंदूची राखीव जागा भरलेली होती, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. गगनयानासाठी प्रथम निवडल्या गेलेल्या वैमानिकांची संख्या चार होती. इतक्या लहान तुकडीत अनुभवी व्यक्तीला पुन्हा पाठवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि नेमके म्हणूनच तीन वर्षांचे अंतर हा नियम निवड सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावा. उमेदवाराचे नाव समोर आल्यावर तो लिहिणे अवघड होते.

डोळ्यांची तपासणी मेंदूच्या तपासणीचाच भाग समजावी. दीर्घ मुक्कामात अनेकांच्या दृष्टीमज्जातंतूच्या मुखाशी सूज येते, नेत्रगोल मागून चपटा होतो आणि जवळचे धूसर दिसू लागते. त्यासाठी नेत्रपटलाची छायाचित्रे आणि थरांचे मोजमाप उड्डाणापूर्वी घ्यावे, आणि आज गरज नसलेल्या वाढीव नंबरांचे चष्मेही सामानात ठेवावेत. त्याचबरोबर मानेतील शिरांची सोनोग्राफी स्वतःवर करण्याचा सराव प्रत्येकाने करावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ११ पैकी ६ जणांच्या मानेतील मुख्य शिरेत रक्तप्रवाह थांबलेला किंवा उलट दिशेने वाहणारा आढळला होता आणि एकाच्या शिरेत गुठळी झाली होती. रक्त पातळ करणारी औषधे पुरेशा प्रमाणात वर आहेत की नाहीत, हे औषधपेटी भरणाऱ्याने या माहितीच्या आधारे ठरवावे.

विचारशक्तीच्या चाचण्या उड्डाणापूर्वी एकदाच घेऊन भागत नाही. सरावाने गुण वाढतात, म्हणून ते स्थिरावेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा घ्याव्यात आणि मगच त्या व्यक्तीची स्वतःची पातळी नोंदवावी. सरासरी माणसाशी तुलना करून काही हाती लागत नाही, कारण निवडलेले सर्वच उमेदवार सरासरीच्या वर असतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ अंतराळवीरांच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या मुक्कामात माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग, दृश्य स्मरण आणि लक्ष टिकवण्याची क्षमता मंदावल्याचे दिसले. अचूकता मात्र बहुतांशी टिकून राहिली आणि कायमस्वरूपी हानीचा पुरावा मिळाला नाही. वेग कमी होणे आणि बुद्धी कमी होणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि वृत्तांतांमध्ये त्यांची गल्लत झाली की कुटुंबीयांना विनाकारण घोर लागतो. नियोजन करणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की स्थानकावरील कामांच्या वेळापत्रकात जमिनीवरील सरावापेक्षा अधिक वेळ धरावा, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. पहिल्या दोन-तीन दिवसांत अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळलेली असते आणि बहुतेकांना मळमळ होते. त्या दिवसांत नाजूक कामे ठेवूच नयेत.

झोपेची तयारी प्रक्षेपणापूर्वी सुरू होते. स्थानक दिवसातून सुमारे १६ वेळा सूर्योदय पाहते, यंत्रांचा आवाज थांबत नाही आणि काम संपत नाही. अमेरिकेची स्पेस शटल याने आणि स्थानक यांवरील ८५ अंतराळवीरांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोप सरासरी सहा तासांच्या आसपास भरली, तर स्थानकावरील सुमारे तीन चतुर्थांश जणांनी झोपेची औषधे घेतल्याची नोंद झाली. म्हणून जे औषध वर घ्यावे लागू शकते ते आधी जमिनीवर घेऊन पाहावे, आणि त्या झोपेतून एकदम जागे केल्यावर डोके किती वेळात ताळ्यावर येते तेही मोजावे, कारण धोक्याची घंटा मध्यरात्रीही वाजते. दिवसा निळसर आणि झोपेपूर्वी पिवळसर प्रकाश देणारे दिवे वापरण्याची सवय प्रशिक्षणातच लावावी. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण स्थानकावर पृथ्वीच्या तुलनेत कित्येक पट असते. ज्यांना त्याने डोके दुखते त्यांची नोंद आधीच करून ठेवावी.

किरणोत्सर्गाबाबत अंतराळवीराला स्वतः फारसे काही करता येत नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेत चुंबकीय क्षेत्राचे काही संरक्षण असते. मंगळाच्या वाटेवर ते नसते आणि क्युरिऑसिटी यानाने त्या प्रवासात दररोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) इतकी मात्रा मोजली. अशा किरणोत्सर्गातील जड कणांमुळे उंदरांच्या स्मरणशक्तीवर परिणाम झाल्याचे प्रयोग आहेत, परंतु तेथे मात्रा थोड्या वेळात दिलेली होती, त्यामुळे ते निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. मुक्कामाची एकूण मात्रा मात्र अंतराळवीराच्या कायमच्या नोंदीत गेलीच पाहिजे.

एकांताचा परिणाम तपासण्यासाठी अंतराळात जावे लागत नाही. अंटार्क्टिकावरील जर्मनीच्या नॉयमायर-३ तळावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूतील, नव्या आठवणी घडवण्यात भाग घेणारा एक छोटा भाग सरासरी सुमारे सात टक्क्यांनी आक्रसलेला आढळला. भारताचे मैत्री आणि भारती हे तळ गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चालतात, आणि तेथे हिवाळा काढलेल्या डॉक्टरांचा व तुकडीप्रमुखांचा अनुभव आपल्याकडे तयार आहे. तो प्रशिक्षणात आणावा, त्यांना बोलवावे, त्यांचे ऐकावे. कुटुंबाशी दर आठवड्याच्या खाजगी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. घरून वाईट बातमी आली तर ती लगेच सांगावी का, आणि कोणी सांगावी, हेही निघण्यापूर्वी लेखी ठरवावे. २००७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी अंतराळवीर डॅनिएल तानी स्थानकावर असताना त्यांच्या आई अपघातात गेल्या आणि ते पृथ्वीवर परतले ते पुढच्या फेब्रुवारीत. हा विषय काढणे जड जाते, तरी तो टाळू नये.

परतीची तयारी निघण्यापूर्वीच करावी. नासामध्ये परतल्यानंतर सुमारे ४५ दिवसांचा पुनर्वसनाचा कार्यक्रम असतो. तोल पूर्ववत होईपर्यंत गाडी चालवू नये, आणि घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवावे. ३४० दिवस राहून आलेल्या स्कॉट केली यांच्या चाचण्यांतील वेग आणि अचूकता परतल्यानंतर घटली आणि ती घट सहा महिन्यांपर्यंत दिसत राहिली. परतल्यानंतरची धावपळ हेही त्याचे एक कारण असू शकते, असे संशोधकांनी म्हटले होते. म्हणून सत्कार, भाषणे आणि दौरे यांच्या तारखा वैद्यकीय पथकाच्या संमतीखेरीज कोणी देऊ नयेत, मग निमंत्रण कितीही मोठ्या व्यासपीठाचे असो. एमआरआय परतल्याबरोबर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि तीन वर्षांनी असा चार वेळा काढावा. चौथ्याची तारीख प्रक्षेपणापूर्वीच नोंदवून ठेवावी, आणि तो उड्डाणापूर्वीच्या एमआरआयशी ताडून पाहिल्याशिवाय त्या व्यक्तीचे नाव पुढील दीर्घ मुक्कामाच्या यादीत घेऊ नये.