टीटीएफच्या सेलमध्ये फेरोसीन टाकण्याआधी थांबा

एमएस्सी प्रोजेक्टसाठी टेट्राथायाफुल्व्हॅलीनचा, म्हणजे टीटीएफचा, व्होल्टामोग्राम (व्होल्टेज बदलत नेताना वाहणाऱ्या करंटचा आलेख) घेताय? व्होल्टेजच्या संदर्भासाठी सवयीने फेरोसीन (ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देणारं लोहाचं संयुग) टाकू नका. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात टीटीएफ दोन टप्प्यांत एकेक इलेक्ट्रॉन देतं: कॅलोमेल या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत पहिला साधारण ०.३४ व्होल्टला, दुसरा ०.७ च्या आसपास. फेरोसीन ०.४ जवळ येतं, म्हणजे नेमकं पहिल्या लाटेवर (आलेखातल्या पहिल्या टप्प्याच्या शिखरावर) चढतं. माझी एक अख्खी दुपार ते जाडजूड शिखर सोडवण्यात गेली. डेकामिथाइलफेरोसीन वापरा, ते फेरोसीनपेक्षा जवळपास अर्धा व्होल्ट खाली राहतं. तेही शेवटच्या स्कॅनला टाका.

टीटीएफचा सेलेनियमवाला भाऊ, टीएसएफ (गंधकाच्या जागी सेलेनियम असलेलं टेट्रासेलेनाफुल्व्हॅलीन), इलेक्ट्रॉन थोडा उशिरा सोडतो आणि त्याच्या दोन लाटा एकमेकींच्या जवळ येतात. सेलेनियमचा अणू मोठा, त्यामुळे दोन धनभारांतलं ढकलणं कमी, असं त्याचं कारण देतात. तिथेही फेरोसीन आडवंच येतं.

आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन घालवायला द्रावणात नायट्रोजन सोडताना द्रावक बघताबघता उडतो. नळीच्या टोकाला करंट वाहण्यासाठी द्रावणात घातलेलं पांढरं मीठ साचलं की समजा, द्रावण घट्ट झालंय. नायट्रोजन आधी ॲसिटोनायट्राइलच्या बाटलीतून जाऊ द्या, सेलवर मार्करने पातळीची खूण करा. स्कॅन चालू असताना नळी द्रावणाच्या वर ओढून ठेवा.