नागपुरात नोकरी लागली? शनिवारची रात्र सोडा, रविवारची सकाळ धरा

मी मूळचा वरुडचा, घरी संत्र्याची बाग, आणि नागपूर म्हणजे लहानपणापासून एकतर दवाखाना नाहीतर लग्नाची खरेदी, एवढंच माहीत. मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा) नोकरी लागली तेव्हा वाटलं चला, आता शहर आपलं. पहिले चार महिने दर शनिवारी मी रूमवर पडून मोबाइल बघितला, मागवलेली बिर्याणी एकट्यानं खाल्ली आणि आईला फोनवर सांगितलं की हो हो, मित्रांसोबतच आहे. आता दर बॅचला नवीन पोट्टे-पोट्टी (म्हणजे पोरं-पोरी) जॉइन होतात, कुणी लातूरचा, कुणी सांगलीची, कुणी थेट पुण्याहून 'इकडे काहीच नाहीये यार' म्हणत येतं, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, की वीकेंडला करायचं काय आणि ओळखी काढायच्या कशा. तर एकदाच सगळं लिहून काढतो, नंतर फक्त लिंक पाठवीन.

सगळ्यात आधी शनिवारच्या रात्रीचा नाद सोडा. इथले लोकल लोक घरी आईवडिलांसोबत राहतात, त्यांची शनिवार संध्याकाळ कुणाचं तरी रिसेप्शन, मामाकडे जेवण, भाच्याचा वाढदिवस यात जाते, आणि जे लोकल नाहीत ते शुक्रवारीच अमरावती, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया अशी गाडी पकडून घरी. उरलात तुम्ही. पण रविवारी सकाळी सात ते अकरा हा टाइम असा आहे की तो घरचं कुणी मागत नाही, कारण घरी जेवण एक वाजता आणि तोवर 'पोट्टा कुठं गेला' असं कुणी विचारत नाही. नागपूर भेटतं ते या चार तासांत.

आणि भेटतं ते तर्री पोह्याच्या गाडीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपले साधेच पिवळे पोहे, त्यावर काळ्या चण्याचा झणझणीत रस्सा, वरून कांदा, शेव, लिंबू. रश्श्यावर तरंगणारा जो लाल तेलाचा थर असतो ती तर्री. गाडीवाला विचारतो, 'तर्री मारू का?' पहिल्या दिवशी 'थोडी' म्हणा. प्लेट हातात घेऊन उभ्यानंच खायचं, आणि अर्धे पोहे झाले की प्लेट परत पुढे करायची, रस्सा पुन्हा मिळतो, त्याचे पैसे लागत नाहीत. इथंच ओळखी होतात बरं का, कारण रस्सा घ्यायला सगळे दोनदा गाडीपाशी येतात आणि दुसऱ्यांदा येताना नाक गळत असतं, मग कोण कुणासमोर भाव खाणार. कस्तुरचंद पार्कच्या बाजूचे पोहे फेमस आहेत, पण मी म्हणतो तुमच्या एरियातली एक गाडी पकडा आणि तीच धरून ठेवा. तीन रविवार सलग एकाच गाडीवर गेलात की चौथ्या रविवारी गाडीवालाच विचारतो, 'काय भाऊ, आज एकटेच?' आणि बाजूचा माणूस बोलायला लागतो. माझा आजचा सगळ्यात जवळचा मित्र मला असाच भेटला, त्याच्याकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे होते.

दुसरी गोष्ट, प्लॅन करू नका, टाइम फिक्स करा. यात फरक आहे. मी एकदा पेंचच्या जंगलात जायचा प्लॅन केला होता, ग्रुप बनवला, चौदा जण, ग्रुपचा डीपी म्हणून वाघाचा फोटो, पोल टाकला, अकरा जणांनी हो केलं. सकाळी पाच वाजता वर्धा रोडवर कोण उभं होतं तर मी आणि एक जण, तोही यासाठी की त्याची बाइक माझ्याकडे होती. इथली भाषा समजून घ्या: 'पाहू' म्हणजे नाही, 'येतो ना बे' म्हणजे विचार करून राहिलोय, आणि 'निघालोच' म्हणजे माणूस अजून टॉवेलवर आहे. विचारून येणारा माणूस कमी, पण 'आम्ही दर रविवारी सव्वासातला तिथंच असतो' असं एकदा पसरलं की लोक आपोआप येतात, कारण हो-नाही काहीच म्हणावं लागत नाही. आमचे दोघांचे सहा झाले ते असेच, सात महिन्यांत.

पोह्यानंतर काय, तर चालायला जा. सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट, जपानी गार्डन, सेमिनरी हिल्स हा सगळा पट्टा सकाळी इतका हिरवा आणि शांत असतो की पुण्याहून आलेल्या पोट्ट्याचंही तोंड थोडा वेळ बंद होतं. फुटाळा संध्याकाळचा, सूर्य तलावापलीकडे बुडतो, भुट्टा खा, गर्दी बघा, या. अंबाझरी तलाव पावसाळ्यात.

राहायचं कुठं हे पण सोशल लाइफशीच जोडलेलं आहे म्हणून सांगतो. मिहानच्या जवळ म्हणून सगळे बेसा, मनीष नगरला रूम घेतात, चुकीचं नाही, पण मग संध्याकाळी धरमपेठ, लक्ष्मीनगरला कुणी बोलावलं की 'जाऊ दे, दूर आहे' होतं आणि दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी बोलवत नाही. माझं मत, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा बघा, भाडं हजार-पाचशे जास्त गेलं तरी चालेल. ऑरेंज लाइन खापरीपासून वर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात, म्हणून आमच्या सगळ्या भेटींचा मधला पॉइंट बर्डीच. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास आटोपते हे मात्र डोक्यात ठेवा. आमच्या ग्रुपमधल्या पोट्टींचा नियम आहे की साडेनऊला ज्यांना उठायचं ते उठतील आणि 'बस ना थोडं' कुणी म्हणायचं नाही, आणि उशीर झालाच तर एक जण बाइकवर मागे मागे घरापर्यंत. त्यांनी हा नियम केला तेव्हापासून त्या जास्त यायला लागल्या, त्यामुळे ग्रुपमध्ये मुली का टिकत नाहीत असं विचारणाऱ्यांनी आधी हे करून बघा.

ऑफिसातल्या टपरीवर कुणीतरी खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) पुढे करेल. इथं तो मैत्रीचा हात असतो, त्यामुळे तोंड वाकडं करू नका, लेक्चर देऊ नका, 'नाही बाप्पा, चहा सांग' म्हणा. चहा सांगितला जातो, मैत्री होते, दात वाचतात.

आता सावजी. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात सावजीला न्यायचं हा इथला रॅगिंगचा सभ्य प्रकार आहे. मूळचं हे हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरचं जेवण, काळपट मसाला, पूर्वी जवसाच्या तेलात करायचे, आणि मटणाच्या वाटीवर बोटभर तर्री. मला विचारलं होतं, तिखट चालते ना? मी वरुडचा माणूस, म्हटलं चालते की. तिसऱ्या घासाला उचकी लागली, पाचव्याला कान बंद झाले, आणि समोर बसलेल्या आमच्या टीम लीडनं शांतपणे माझ्या वाटीवरची तर्री चमच्यानं काढून स्वतःच्या भातावर घेतली. तर करायचं असं: वाटी हलवू नका, ढवळलं की संपलं, वरची तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्या, भाकरी मोठी तोडा, पाणी पिऊ नका, त्यानं आग जात नाही, भात खा. दुपारी जा, रात्री नाही, कारण सांगायला नको. आणि व्हेज लोकांनी घाबरून घरी बसू नये, पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा मागवा, तो पण तेवढाच जाळतो.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगतो, कारण बाहेरच्यांचे सगळे प्लॅन इथं येऊन वितळतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेव्हा सोशल लाइफचं टाइमटेबलच उलटं करायचं: पोहे साडेसहाला, दहाच्या आत घरात, मग थेट रात्री आठनंतर बाहेर, कुल्फी, उसाचा रस, गच्चीवर गप्पा. दुपारी भेटायचंच असेल तर ज्याच्याकडे चांगला कूलर त्याच्या घरी. हसू नका, मेमधली मैत्री कूलरवर ठरते, आमच्यात एक जण आहे ज्याला आम्ही वर्षभर फारसं विचारत नाही, पण त्यानं एप्रिलमध्ये कूलरला नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या की तो ग्रुपचा राजा. आपण कुणाच्या घरी दुपारी पडायला गेलो तर कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकायचं काम आपलं, हे न सांगता करा, काकू लक्षात ठेवतात.

गावाबाहेर जायचं तर रामटेक पन्नासेक किलोमीटर, गडावर मंदिर, जवळच खिंडसी तलाव, अर्ध्या दिवसात होतं, जुलै-ऑगस्टात जा. जंगलाचं मात्र गणित वेगळं. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, कुठंही जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) पर्यटक सहा, त्यामुळे माणसं सहा, बारा अशीच जमवा, सात झाले की भांडणं सुरू आणि सातव्याला दुसऱ्या जिप्सीचे पूर्ण पैसे कोण देणार यावरून आमच्यात दोघं अजून नीट बोलत नाहीत. बुकिंग ऑनलाइन आधीच करा, पैसे आधी घ्या, मग तारीख सांगा, याच क्रमानं. पावसाळ्यात कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागातली, सफारी बंद असते हे विसरून ऑगस्टमध्ये सुट्टी टाकणारे मी तीन पाहिलेत.

मॉल-पिक्चर कुठंही मिळतं, त्यावर काय लिहू. त्यापेक्षा कॅलेंडरवर दोन दिवस मार्क करून ठेवा. पहिला मारबत, म्हणजे ईडा-पीडा गावाबाहेर घालवायला काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकीकडे तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन पोरं दारोदार, आणि दुसरीकडे जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे पुतळे, महागाईपासून नेत्यांपर्यंत ज्याचा राग आला त्याचा. इतवारीत इतकी गर्दी असते की गाडी नेऊ नका, मेट्रोनं जा आणि चाला, पांढरे कपडे घालू नका, आणि 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' ओरडताना आपल्या मॅनेजरचं नाव मनात घ्यायला कुणी अडवत नाही.

दुसरा दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, आणि दर दसऱ्याला लाखो लोक येतात. ऑफिसातले बरेच मित्र त्या दिवसांत पाणी, जेवण वाटायला उभे असतात. मी पहिल्यांदा नुसता पुस्तकं घ्यायला गेलो होतो, कारण पुस्तकांचे इतके स्टॉल एका जागी मी आधी कुठं बघितले नव्हते, आणि एका कलीगनं हाक मारून हातात पाण्याचा जग दिला. चार तास पाणी वाटलं. दोन वर्षं शेजारच्या डेस्कवर बसून त्याच्या घराबद्दल, वडिलांबद्दल जे कळलं नव्हतं ते त्या चार तासांत कळलं, त्याचे आजोबा १९५६ ला तिथं होते. बघायला जाऊ नका, कुणाला तरी आधी विचारा की मी मदतीला येऊ का.

आणि कुणी शुक्रवारी म्हटलं की 'चल ना बे गावाला, रोडगे करून राहिलो', तर लॅपटॉप बंद करा आणि जा, एवढा एकच प्लॅन असा आहे की जो विदर्भात कधी कॅन्सल होत नाही. शेतात गोवऱ्या पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजतात, वांग्याची भाजी, वरण, आणि रोडगा फोडून त्यात तूप. तुमच्याकडे काम येईल ते राख झटकायचं. रोडगा फडक्यात घेऊन झटकायचा, हातात घेऊ नका, माझ्या उजव्या तळव्यावर डाग आहे अजून.

इथल्या घरात एकदा जेवलात की परत जाताना डबा मिळतोच, सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीवाला नव्हे), पाटोडी, काहीतरी. नाही म्हणू नका, आणि डबा रिकामा परत देऊ नका. मी दिवाळीनंतर घरून येताना आंबिया बहाराची संत्री आणतो आणि सगळे डबे त्यांनी भरून परत करतो. सध्या किचनच्या ओट्यावर तीन डबे धुऊन पडलेत, एका काकूंचा कालच फोन आला की झाकण तरी पाठव रे, आणि संत्री उतरायला अजून महिना आहे.