जुना आबकारी परवाना कसा वाचावा

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पेटी उघडली, की खरेदीखते आणि सारा भरल्याच्या पावत्या यांच्यामध्ये कधीकधी इंग्रजी छापील नमुन्यावर मोडीत भरलेला एक कागद निघतो, आणि तो दारूविक्रीचा किंवा माडी काढण्याचा परवाना असल्याचे कळताच घरातली मंडळी एक तर तो पुन्हा तळाशी दडवतात, नाही तर जमिनीच्या हक्काचा पुरावा समजून वकिलाकडे धाव घेतात. दोन्ही गोष्टींची गरज नाही. असा परवाना ठरावीक पेयापुरता, ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता दिलेला असे, आणि त्यात दिलेल्या परवानगीपेक्षा घातलेल्या अटीच जास्त बोलक्या असतात. म्हणून नाव वाचून थांबू नये, अटींकडे जावे.

सर्वप्रथम तारीख पाहावी. मुंबई इलाख्यात या विषयावरचा मुख्य कायदा म्हणजे 1878 चा मुंबई आबकारी कायदा, म्हणजे त्या वर्षीचा पाचवा कायदा. त्याच्या आधीच्या कागदांत बहुधा मक्त्याची भाषा आढळते: एखाद्या तालुक्यातला किंवा गावांच्या समूहातला दारू गाळण्याचा व विकण्याचा अधिकार लिलावात एका मक्तेदाराला दिला जाई, आणि तो पुढे आपल्या पोटमक्तेदारांना वाटून देई. अशा वेळी आपल्या कागदावर सही सरकारी अधिकाऱ्याची आहे की मक्तेदाराची, हे अवश्य तपासावे, कारण दुसऱ्या बाबतीत तो सरकारी परवाना नसून खासगी करार असतो. 1878 नंतर गाळणे आणि विकणे या गोष्टी वेगळ्या काढून प्रत्येकीवर स्वतंत्र नियंत्रण ठेवण्याचे धोरण जोर धरू लागले. सर चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे नाव या धोरणाशी जोडलेले आहे. घरोघरच्या लहान भट्ट्या बंद करून दारू देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांतच गाळावी, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर तिच्या कसाप्रमाणे कर घ्यावा, असा त्याचा गाभा होता. मोहाची दारू गाळणाऱ्या उरणच्या भट्ट्या याच व्यवस्थेमुळे वाढल्या.

त्यानंतर पेय कोणते, ते पाहावे. येथे इंग्रजी शब्द फार फसवतात. कायद्याच्या व्याख्येत माड, ताड, शिंदी किंवा तत्सम कोणत्याही झाडाचा रस ‘टॉडी’ या एकाच शब्दात येतो, मग तो आंबलेला असो वा ताजा. आपल्या बोलीतला माडी आणि ताडी हा भेद त्यात उरत नाही, आणि सकाळी उतरवलेल्या गोड रसालाही कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले नाही. झाडाच्या रकान्यात ‘ब्रॅब’ असे दिसले, तर गोंधळून जाऊ नये. मी पहिल्यांदा असा कागद हाती घेतला, तेव्हा हे एखाद्या वाडीचे नाव असावे असे समजून दोन दिवस नकाशे धुंडाळत बसलो होतो. पोर्तुगीज भाषेतून इंग्रजी दफ्तरात शिरलेला हा शब्द म्हणजे आपला साधा ताड. ‘मौरा’ किंवा ‘म्हौरा’ असे लिहिलेले असेल, तर तो मोह होय. ‘कंट्री लिकर’ म्हणजे देशी गाळलेली दारू, आणि ‘फॉरेन लिकर’ म्हणजे विलायती. या दोहोंचे परवाने वेगळे असत.

मोहाचा उल्लेख ठाणे किंवा कुलाबा जिल्ह्यातल्या कागदावर, म्हणजे आजच्या रायगड, ठाणे आणि पालघर या भागात आढळला, तर आणखी एक कायदा लक्षात ठेवावा लागतो. 1892 च्या मोह कायद्याने या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर, जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. दारू आटोक्यात ठेवायची, तर कच्चा मालच आटोक्यात ठेवावा, हा त्यामागचा सरळ हिशेब. पण होळीच्या सुमारास झाडाखाली पडणारी ही फुले कातकरी, ठाकूर, वारली यांच्या घरी वाळवून ठेवण्याचे अन्नही होते, आणि अन्न बाळगण्यालाही परवानगीची गरज लागू लागली. माझ्या मते कोकणच्या आबकारी इतिहासातला हा सर्वांत कठोर भाग आहे. अशा काळात कुणावर खटला झाल्याचा कागद सापडला, तर त्याला लगेच दारूचा गुन्हेगार ठरवू नये. त्याच्याकडे दारू सापडली होती की नुसती फुले, हे आधी वाचावे.

झाडाच्या परवान्यावर जरा जास्त वेळ घालवावा, कारण कोकणातल्या भंडारी, म्हणजे माडी काढण्याचा परंपरागत व्यवसाय असलेल्या, कुटुंबांकडे हाच कागद अधिक सापडण्याची शक्यता असते. त्यावर विक्रीच्या दुकानापेक्षा झाडांना महत्त्व असते. पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, छेदून रस काढायचा तो प्रत्येक माड मोजून त्यावर कर बसे, आणि कोणत्या झाडाला मडके बांधता येईल, हे ओळखता यावे म्हणून झाडावर खूण किंवा क्रमांक घातला जाई. परवान्यात झाडांचे क्रमांक आणि जागा दिलेली असेल, तर ती आजच्या सर्व्हे नंबरशी ताडून पाहता येते, मात्र एक गोष्ट विसरू नये: झाडाचा परवाना ज्याच्या नावावर आहे, तो त्या जमिनीचा मालक असेलच असे नाही. मालक वेगळा, माडावर चढणारा वेगळा आणि दुकान चालवणारा तिसराच, असे सर्रास असे. परवान्याच्या आधारे मालकी सांगायला निघाल्यास फजिती होते.

आकडे वाचताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली म्हणजे पैसा. एका रुपयाचे 16 आणे आणि एका आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. 6 आणे 8 पै म्हणजे 80 पै, आणि ते रुपयाच्या जवळपास 42 टक्के होतात. दुसरी म्हणजे दारूचा कस. ‘25 अंडर प्रूफ’ या शब्दांत प्रूफ हे मोजमाप असून, प्रूफ दारूत सुमारे 57 टक्के मद्यार्क असतो. त्यातून त्याचाच चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के, वजा केला, की सुमारे 42.8 टक्के उरतात, आणि ‘60 अंडर प्रूफ’ म्हणजे सुमारे 22.8 टक्के. देशी दारूच्या बाटलीवर आजही 42.8 हा आकडा दिसतो, तो याच जुन्या मापाचा वारसा. कर प्रूफ गॅलनवर असेल, तर 25 अंडर प्रूफच्या 10 गॅलन दारूवर साडेसात गॅलनचाच कर धरावा. गॅलन इंग्रजी, म्हणजे साधारण 4.55 लिटरचा.

अटींच्या भागात ठरलेल्या जागेबाहेर विक्री न करणे, ठरलेल्या मापानेच देणे, परवाना परस्पर दुसऱ्याला न देणे, हिशेबाची वही अधिकाऱ्याला दाखवणे अशा गोष्टी असतात. यातील प्रत्येक अट वाचताना ती कुणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली असेल, हे विचारावे. दारूच्या बदल्यात धान्य घेऊ नये असे बजावलेले असेल, तर गुत्त्यावर खरोखर भात किंवा नाचणी जमा होत असावी, असा अंदाज बांधायला जागा राहते.

एकट्या कागदाने समाधान झाले नाही, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्याचे आबकारी वर्णन आधी वाचावे: रत्नागिरी व सावंतवाडी 1880, ठाणे 1882, कुलाबा व जंजिरा 1883. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा काही रत्नागिरीत, तर काही सावंतवाडी संस्थानात होता. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात महसूल खात्याची दफ्तरे पाहता येतात. तेथे जाताना कागदाची छायाप्रत, तालुक्याचे जुने नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जावे. मोडी येत नसेल, तर आधीच मोडीवाचक गाठून लिप्यंतर करून घ्यावे. 1949 नंतरचा कागद असेल, तर शोध वेगळ्या ठिकाणी न्यावा लागतो, कारण त्या वर्षीच्या मुंबई दारूबंदी कायद्याने 1878 चा कायदा मोडीत काढला, आणि त्यापुढचे परवाने त्याच कायद्याखाली निघाले.