कुत्र्यासोबत जिओकॅशिंग? दोरी कमरेला अडकवा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी मोबाईलच्या जीपीएसवरून, इतरांच्या लक्षात न येता शोधायचा खेळ. डबी सापडते, पण एका हातात मोबाईल, दुसऱ्यात कुत्र्याची दोरी. मग झाकण उघडून आतल्या वहीत नाव लिहायचं कशानं? नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आमच्या मोतीनं ऐन वेळी खारीमागे असा हिसका दिला की पेन्सिल झुडपात. ती शोधायला डबीपेक्षा जास्त वेळ गेला.

१. पँटचा जुना पट्टा घ्या, दोरीच्या मुठीच्या फासातून ओवा आणि कमरेला बांधा. दोन्ही हात मोकळे.

२. दाट झाडांखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतंच. जवळ पोचलात की मोबाईल खिशात टाका, डोळ्यांनी शोधा.

३. कोणी बघत असेल तर कुत्र्याला निवांत हुंगू द्या. कुत्रा सोबत असला की झुडपाशी का रेंगाळता, असं कोणी विचारत नाही!

कुत्रा मोठा, ओढणारा असेल तर उतारावर मात्र पट्टा सोडून दोरी हातातच धरा, नाहीतर दोघंही खाली. आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर निघा. परतताना हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसतो.