रिमोट डेस्कटॉप लावला की जीपीयू गायब होतो, त्यावर काय करायचं

घरच्या विंडोज मशीनमध्ये एनव्हिडियाचं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड (म्हणजेच जीपीयू) आहे, त्यावर बॉइंक किंवा फोल्डिंग ॲट होम (मशीनला संशोधनाच्या गणितांना लावणारे प्रोग्राम) चालू आहे नाहीतर ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामचा रेंडर लावलाय, आणि तुम्ही बाहेरून विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने आत शिरलात की प्रोग्राम म्हणतो कार्डच सापडत नाहीये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघावं तर कार्ड जागेवर, पिवळी खूण नाही काही नाही. मग लोक ड्रायव्हर काढतात, परत टाकतात, जुना शोधून टाकतात, सगळी संध्याकाळ त्यात जाते आणि बहुतेक वेळा ड्रायव्हर बिचाऱ्याचा काही दोषच नसतो.

होतं काय ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचे उपाय आपोआप लक्षात राहतात. मशीनला जोडलेल्या मॉनिटरवर जे सेशन (म्हणजे लॉगिन करून उघडलेला डेस्कटॉप) दिसतं त्याला विंडोज कन्सोल म्हणतं. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने त्याच युजरने लॉगिन केलंत की विंडोज तुमचं सेशन कन्सोलवरून उचलतं आणि मायक्रोसॉफ्टच्या एका आभासी स्क्रीनवर नेऊन ठेवतं, घरच्या मॉनिटरवर नुसती लॉक स्क्रीन उरते. आता साध्या जीफोर्स कार्डावर (एनव्हिडियाची घरगुती वापराची कार्डं) कॉम्प्युटिंगचं काम पण डिस्प्लेच्या ड्रायव्हरमधूनच जातं, त्यामुळे प्रोग्राम सुरू होताना कार्ड शोधायला गेला तर त्याला तो आभासी डिस्प्ले भेटतो आणि तो हात वर करतो. विंडोज ७ च्या काळात हे हमखास व्हायचं. विंडोज १० पासून आणि नव्या ड्रायव्हरवर कुडा (एनव्हिडिया कार्डावर गणितं करायची सोय) बऱ्याचदा रिमोट डेस्कटॉपमध्येही नीट चालतं, अडकतं ते जास्त करून ओपनसीएल (तशीच सोय, पण इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालणारी) आणि ओपनजीएल (स्क्रीनवर ग्राफिक्स काढायची), आणि जुने प्रोग्राम. म्हणून एक जण म्हणतो माझं तर मस्त चालतं आणि दुसरा म्हणतो अजिबात नाही, तर दोघंही खरंच बोलत असतात.

आधी खात्री करा की तुमची भानगड हीच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून क्यूविनस्टा (qwinsta) टाइप करा, सगळ्या सेशनची यादी येते, तुमच्या नावासमोर कन्सोल आहे की आरडीपी (म्हणजे रिमोट डेस्कटॉप) ते लगेच दिसतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये सेशन आयडीचा कॉलम लावता येतो, तिथे तुमच्या प्रोग्रामसमोर शून्य दिसलं तर गोष्टच वेगळी आहे. तो सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करताही मागे चालणारा प्रोग्राम म्हणून चालतोय, आणि व्हिस्टापासून सर्व्हिसेस डेस्कटॉपपासून तोडून शून्य नंबरच्या सेशनमध्ये ठेवलेल्या असतात. बॉइंक टाकताना सर्व्हिस म्हणून चालवायची टिक मारली असेल तर तुम्ही मशीनसमोर जाऊन बसलात तरी जीपीयू मिळणार नाही, काढून त्या टिकशिवाय परत टाका.

बॉइंकची अजून एक खोड म्हणजे ते कार्ड फक्त सुरू होतानाच शोधतं. तेव्हा रिमोट डेस्कटॉप चालू असेल आणि इव्हेंट लॉगमध्ये नो यूजेबल जीपीयूज फाउंड आलं, तर नंतर तुम्ही कन्सोलवर गेलात तरी ते परत बघत नाही, पूर्ण बंद करून चालू करावं लागतं. पूर्ण म्हणजे एक्झिट करताना चालू टास्क थांबवायची टिक मारून, नुसती खिडकी बंद करून नाही.

आता उपाय. तुम्हाला नुसतं काम कुठवर आलं एवढंच बघायचं असेल तर डेस्कटॉप हवाय कशाला? माझ्या मते हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे आणि लोक नेमका हाच विसरतात. बॉइंक मॅनेजर दुसऱ्या मशीनवरूनही जोडता येतो, पोर्ट ३१४१६, घरच्या मशीनच्या डेटा फोल्डरमध्ये रिमोट होस्ट्स नावाच्या सीएफजी फाइलमध्ये (remote_hosts.cfg) तुमच्या लॅपटॉपचा आयपी लिहायचा आणि तिथल्याच जीयूआय आरपीसी ऑथ (gui_rpc_auth.cfg) या फाइलमधला पासवर्ड वापरायचा. फाइल बदलल्यावर क्लायंट रीस्टार्ट करा. कामं थांबवणं, चालू करणं, लॉग बघणं सगळं होतं आणि सेशनला कोणी हात लावत नाही.

डेस्कटॉप हवाच असेल तर कन्सोल जसाच्या तसा दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या. टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी (ही दोन व्हीएनसी प्रकारातली), एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, यातलं काहीही चालेल, ही मंडळी नवीन स्क्रीन तयार करत नाहीत, मॉनिटरवर आहे तेच पाठवतात. सर्व्हिस म्हणून टाका (हे व्हीएनसीबद्दल बोलतोय, बॉइंकबद्दल नाही!) म्हणजे लॉगिन स्क्रीनही बाहेरून दिसते. टाकून झालं की मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि पहिलं लॉगिन व्हीएनसीनेच करा, रिमोट डेस्कटॉपला मध्ये येऊ देऊ नका. नंतर स्क्रीन लॉक केलीत तरी बिघडत नाही, सेशन कन्सोलवरच राहतं.

सुरक्षेचं मात्र बघा. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, पुढे कितीही लांब लिहा. त्यामुळे राउटरवर व्हीएनसीचा ५९०० पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, कुलूपबंद वाट) लावा आणि त्यातूनच जा. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, तेव्हा पोर्ट उघडून उपयोगही होत नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्या घरापासून लांब असताना रडवतात. मॉनिटर काढून ठेवलाय का? मग व्हीएनसीत काळी स्क्रीन नाहीतर अगदी छोटं रिझोल्यूशन येऊ शकतं, कार्डाच्या एचडीएमआयमध्ये डमी प्लग लावा, स्वस्तात मिळतो, कार्डाला वाटतं मॉनिटर जोडलाय. आणि लाईट गेली तर? बायॉसमध्ये पॉवर आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते करून ठेवा. मशीन उठेल पण लॉगिन कोणी केलेलं नसेल, आणि इथे घाईत रिमोट डेस्कटॉपने लॉगिन केलंत की पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

काहींना पर्याय नसतो, ऑफिसच्या नियमात फक्त रिमोट डेस्कटॉप बसतो. त्यांच्यासाठी टीएसकॉन (tscon), सेशन एकीकडून दुसरीकडे नेणारी विंडोजची कमांड. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टीएसकॉन, पुढे क्यूविनस्टात दिसलेला तुमचा सेशन नंबर, आणि डेस्ट या ऑप्शनला कन्सोल (/dest:console). तुमचं कनेक्शन तुटतं आणि सेशन खऱ्या मॉनिटरवर जाऊन बसतं. युक्ती अशी की बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) करायची, पहिल्या ओळीत टीएसकॉन, मग टाइमआउटने दहाएक सेकंद थांबायचं, मग प्रोग्राम सुरू करायचा, म्हणजे तो सुरू होईपर्यंत सेशन कन्सोलवर पोचलेलं असतं. तोटा मोठा आहे: मॉनिटरवर डेस्कटॉप अनलॉक उघडा राहतो. बंद खोलीत ठीक, हॉस्टेलवर किंवा ऑफिसात अजिबात नको.

ब्लेंडरसारखा प्रोग्राम ओपनजीएलवरून रडत असेल तर ग्रुप पॉलिसीत (gpedit.msc) जा, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळ्या सेशनसाठी हार्डवेअर ग्राफिक्स ॲडॉप्टर वापरा अशा अर्थाची एक पॉलिसी आहे ती एनेबल करा आणि रीस्टार्ट. जीफोर्सवाल्यांसाठी एनव्हिडियाने २०२० मध्ये रिमोट डेस्कटॉपात ओपनजीएल सुरू करणारं छोटं टूलही काढलं, एकदा चालवायचं की झालं.

एनव्हिडियाची टेस्ला किंवा काही क्वाड्रो अशी व्यावसायिक कार्डं असतील तर तुम्ही नशीबवान, एनव्हिडिया एसएमआय (nvidia-smi) या कमांडने कार्ड टीसीसी मोडला (फक्त गणितं, डिस्प्ले नाही) टाका, कार्ड डिस्प्लेच्या जंजाळातून बाहेर पडतं आणि रिमोट डेस्कटॉप, सर्व्हिस सगळीकडून दिसतं. ॲडमिन लागतो, रीस्टार्ट लागतो, आणि त्या कार्डाला मग मॉनिटर जोडून उपयोग नाही. जीफोर्सवर हे होत नाही, प्रयत्नात वेळ घालवू नका.

विंडोज होमवाल्यांनी एवढं वाचलं असेल तर सॉरी, तुमच्या मशीनमध्ये रिमोट डेस्कटॉपने शिरायची सोयच नसते, तेव्हा तुमचा जीपीयू दुसऱ्या कशाने तरी गायब होतोय.

आणि लिनक्सवर असाल तर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) शिरा, टीमक्स (तुम्ही निघालात तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावा, काम सुरू करून निघून जा, कुडाला तिथे डेस्कटॉप लागतच नाही. एएमडीचं कार्ड असेल तर युजर रेंडर आणि व्हिडिओ या दोन ग्रुपमध्ये आहे ना तेवढं बघा, रॉकेमला (एएमडीची कुडासारखी सोय) ते लागतं.